आधी देणे, मग दान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

घरची कामे उरकून किंवा तशीच अर्धी टाकून इथे आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मला भाषणाचा सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. दरवर्षी या दिवशी मी मागे चहाच्या पातेल्याजवळ असते, आणि भाषणे तिथूनच ऐकते. यंदा अध्यक्षबाईंनी मला पुढे ओढले. म्हणाल्या, "कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीवर तुम्हीच बोला. अर्जाच्या वेळी तुम्हीच तर हटून बसला होता." तेव्हा हे भाषण म्हणजे माझ्या हटून बसण्याची शिक्षा आहे असे समजा, आणि चुकले-माकले सांभाळून घ्या.

त्या सभेला ज्या नव्हत्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या मंडळाला पाळणाघर काढायचे आहे. आपल्या भोसरीत गल्लोगल्ली छोटी वर्कशॉप आहेत. कुठे आठ बायका कामाला, कुठे दहा. कोणी सुटे भाग तपासते, कोणी घासून साफ करते, कोणी खोक्यांत भरते. पाळणाघराचा कायदा मोठ्या कारखान्यांना लागतो. आठ-दहा बायकांसाठी पाळणाघर काढायला कोणी बांधलेला नाही. मग मूल शेजारणीकडे, नाही तर मोठ्या बहिणीच्या कडेवर, आणि त्या बहिणीची शाळा बुडते. जवळच्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीकडून निरोप आला की अर्ज करा, आम्ही मदतीचा विचार करू. अर्जाचा मसुदा सभेत वाचला गेला. त्यात लिहिले होते, "आपल्या कृपेने व उपकाराने आम्हा गरीब भगिनींना..." मी उठून म्हटले, "यातले कृपा आणि उपकार हे दोन शब्द काढा." तेवढ्यावरून अर्धा तास वाद झाला. एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत." मी म्हटले, "ही गाय धर्माची नाही." माझे म्हणणे त्या दिवशी मला नीट मांडता आले नाही. आज मांडते.

आधी घरची गोष्ट सांगावी लागेल. ती सांगण्यापूर्वी मी ह्यांना विचारले. हे म्हणाले, "माझी बोटं भाषणात कशाला?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "सांग. पण रडू नकोस."

२०१६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. हे तेव्हा एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर कंत्राटी कामगार होते. त्या कारखान्यातून मोठ्या कंपनीला सुटे भाग जात. अशा कारखान्याला इकडे व्हेंडर म्हणतात. प्रेसचे काम साधे असते. खाली डाय, वर पंच. पत्र्याचा तुकडा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचा, आणि दोन हातांनी दोन बटणे दाबायची, की वरचा भाग खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात आत राहणार नाही, अशी ती योजना. कोणीतरी शहाण्या माणसाने विचार करून केलेली. पण त्या प्रेसचे एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेले होते. कारण एका हाताने माल ठेवला आणि दुसऱ्याने बटण दाबले की तासाला जास्त नग निघतात. महिन्याचा शेवट, माल अर्जंट. रात्रपाळीत ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली.

दवाखान्यात कळले की ह्यांचे ई.एस.आय.चे कार्डच नव्हते. ठेकेदाराने ते दुसऱ्या दिवशी धावतपळत काढले. पुढे ई.एस.आय.च्या डॉक्टरांच्या मंडळाने हात तपासला, किती टक्के हानी झाली ते ठरवले, आणि त्याप्रमाणे महिन्याची पेन्शन सुरू झाली. माणसाच्या बोटांनाही टक्के असतात हे मला तेव्हा कळले.

ते दिवस चालू असतानाच पोह्यांच्या पुडीच्या कागदावर मी एक फोटो पाहिला. ज्या मोठ्या कंपनीला ह्यांच्या प्रेसवरचे भाग जात, तिच्या साहेबांनी एका शाळेत मुलांसाठी हात धुण्याचे नळ बसवून दिले होते. साहेब फीत कापत होते आणि मुले ओले हात वर करून हसत होती. मैत्रिणींनो, मला त्या मुलांचा राग आला नाही. नळ चांगलेच होते. साहेबही माणूस वाईट नसेल. पण हातांची एवढी काळजी शाळेत पोचते, ती प्रेसपर्यंत का पोचत नाही, हे मला कळेना. तो कागद मी जपून ठेवला आहे.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. माझी मुलगी कॉमर्सला आहे. तिने मोबाईलवर वाचून दाखवले, आणि मी वहीत उतरून घेतले.

२०१३ साली कंपन्यांचा नवा कायदा झाला. त्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीला वर्षाला ५ कोटी किंवा त्याहून अधिक नफा होतो, किंवा जिची उलाढाल १००० कोटींची, किंवा जिची निव्वळ मालमत्ता ५०० कोटींची, तिने मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान दोन टक्के समाजाच्या कामाला खर्च करावेत, असे त्यात ठरले. भिशीच्या हिशेबासारखेच आहे पाहा. समजा, एका कंपनीला तीन वर्षांत ८, १० आणि १२ कोटी नफा झाला. सरासरी १० कोटी. त्याचे दोन टक्के म्हणजे २० लाख. हेच ते सी.एस.आर.

हा पैसा शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, स्त्रियांची उन्नती अशा ठरवून दिलेल्या कामांनाच लावायचा. कंपनी जिथे आहे त्या आसपासच्या वस्तीला आधी पाहावे, असेही कायद्यात लिहिले आहे. आसपासची वस्ती म्हणजे कोण? आपणच. यंत्रांची घरघर आपण ऐकतो, कंपनीच्या ट्रकांची धूळ आपण पुसतो. २०२१ च्या जानेवारीपासून नियम आणखी कडक झाले. पैसा खर्च झाला नाही तर तो कंपनीने स्वतःकडे ठेवायचा नाही. चालू कामाचा असेल तर वेगळ्या खात्यात ठेवून मुदतीत खर्च करायचा, नसेल तर सरकारने सांगितलेल्या निधीत भरायचा. कोणती कामे घेतली हे कंपनीने आपल्या वेबसाईटवर जाहीर करायचे. म्हणजे त्यात गुपित काही नाही. तुमची-माझी मुलगीसुद्धा ते मोबाईलवर काढून दाखवू शकते.

मग सांगा, जे कायद्याने द्यायचेच आहे त्याला उपकार कसे म्हणावे? दूधवाल्याचे बिल दिले म्हणून मी त्याच्यावर उपकार करते का?

पण वहीतली सर्वांत महत्त्वाची ओळ पुढेच आहे. कोणता खर्च सी.एस.आर. धरायचा नाही, याचीही यादी नियमांत आहे. राजकीय पक्षाला दिलेला पैसा धरायचा नाही. मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेला पैसा धरायचा नाही. फक्त आपल्याच नोकरांसाठी केलेला खर्च धरायचा नाही. आणि दुसऱ्या कोणत्याही कायद्याने जे करणे भागच आहे, ते केले म्हणून तेही धरायचे नाही. ही ओळ मी मुलीला तीनदा वाचायला लावली. यंत्राला जाळी बसवणे, बटणे चालू ठेवणे, कामगाराचे कार्ड पहिल्या दिवशी काढणे, ही देणी आहेत. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यापासून यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा हवाच असे लिहिलेले होते. देणे वेगळे आणि दान वेगळे, हे कायद्यालाही कळते.

आपल्या घरात हे आपण लहानपणापासून शिकतो. वाण्याची उधारी थकवून कोणी घरी सत्यनारायण घातला, दारात मांडव, लाऊडस्पीकर, पाचशे माणसांना प्रसाद, तर आपण प्रसाद घेऊ, नमस्कारही करू. पण परत येताना वाटेत काय बोलू ते सांगायला नको. भांडीवालीचा पगार दोन महिने न देता हळदीकुंकवाला स्टीलचे डबे लुटणाऱ्या बाईलाही आपण नावेच ठेवतो. मग कंपनीला दुसरा न्याय का? एक बटण बांधून ठेवल्यामुळे जे जास्त नग निघाले, त्यामुळे माल स्वस्त पडला. माल स्वस्त पडला म्हणून नफा वाढला. त्या नफ्यातले दोन टक्के फुलासारखे आपल्या ओंजळीत पडतात. फूल घेताना ते कोणत्या झाडाचे आहे एवढे विचारायला नको का?

कोणी म्हणेल, हिला कंपन्यांमध्ये चांगले काही दिसतच नाही. तसे नाही हो. माझे माहेर सांगली जिल्ह्यातले, किर्लोस्करवाडीच्या जवळचे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, निवडुंगाच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना काढला. नुसता कारखाना नव्हे, काम करणाऱ्यांसाठी राहण्याची वाडी वसवली. त्या काळी दोन टक्क्यांचा कायदा नव्हता. आणि नांगर करणाऱ्या त्याच कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघाले, आणि पुढे १९३० साली 'स्त्री' हे मासिक. माझ्या आजीच्या ट्रंकेत त्याचे दोन जुने अंक होते. आजीला अक्षरे जोडून वाचावे लागे, तरी ती ते वाचत असे. लोखंडाच्या कारखान्यातून बायकांच्या हातात वाचायला काही आले, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या पुण्यात १९९१ साली महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने मुलींसाठी इंजिनिअरिंगचे कॉलेज काढले, त्याला इंजिने करणाऱ्या कमिन्स कंपनीचे साहाय्य होते. तेव्हाही हा कायदा नव्हता. बॉयलर करणाऱ्या थरमॅक्स कंपनीचा कारभार १९९६ साली पती वारल्यावर अनू आगा यांनी हाती घेतला. त्या कंपनीच्या न्यासाने आकांक्षा या संस्थेबरोबर महापालिकेच्या शाळांसाठी वर्षानुवर्षे काम केले. कॉलेज काय, शाळा काय, एका दिवसाच्या फीत कापण्याने होत नाही. वर्षानुवर्षे पाठीशी उभे राहावे लागते. मला वाटते, जबाबदारी आणि फोटो यांतला फरक तोच आहे.

तो फरक आपण आपल्याच वस्तीत पाहिला आहे. एका शाळेत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र कंपनीकडून आले. वर दात्याच्या नावाची पितळी पाटी. वर्षभराने आतले फिल्टर बदलायची वेळ आली, तेव्हा पैसे कोणी द्यायचे हे ठरलेलेच नव्हते. यंत्र बंद पडले. पाटी अजून चकचकीत आहे. यात कंपनी चुकली, तशी आपणही चुकलो. घेताना आपण विचारले नाही की पुढे काय.

आता अर्जाकडे येते. मागच्या महिन्यात कंपनीतून एक तरुण अधिकारी जागा पाहायला आले होते. मुलगा गुणी, बोलण्यात नम्र. बायका किती, मुले किती, सगळे नीट लिहून घेतले. निघताना मी विचारले, "साहेब, तुमचे भाग ज्या छोट्या कारखान्यांत होतात, तिथल्या प्रेसची बटणे बांधलेली आहेत की मोकळी, हे तुमचे कोणी जाऊन बघते का?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काकू, तो विषय आमच्या खात्यात येत नाही. व्हेंडरचं काम खरेदी खात्याकडे असतं."

मी म्हटले, "आमच्या घरी बाजारहाटही मीच करते आणि देवपूजाही मीच करते. शेजारणीच्या झाडाची फुले न विचारता तोडून आणली, तर मी देवाला सांगू का, की फुले आणायचे खाते वेगळे आहे?"

ते काही बोलले नाहीत. पण त्यांनी वही उघडली आणि माझा प्रश्न लिहून घेतला, हे मी पाहिले. पंधरा दिवसांनी फोन आला, पाळणाघराचा अर्ज पाठवा म्हणून. प्रेसबद्दल काही उत्तर नाही.

यावरून आपल्यात दोन तट पडले. मी सुरुवातीला म्हटले होते की उत्तर आल्याशिवाय अर्जच करू नये. त्या दिवशी संध्याकाळी आपल्यातली एक मैत्रीण माझ्या दारात आली. तिचे नाव घेत नाही. ती इथेच बसली आहे. पॅकिंगच्या कामाला जाते, पोर दोन वर्षांचे. म्हणाली, "ताई, तुमचं म्हणणं खरं आहे. पण तुमच्या खरेपणापायी माझ्या पोराचं पाळणाघर जाईल. तुमची मुलं मोठी झाली." मला उत्तर सुचले नाही. रात्रभर झोप आली नाही. ती बोलली ते खोटे नव्हते. माझ्या दुःखाची किंमत तिच्या मुलाने का द्यावी?

पुष्कळ विचार करून मी माझा हट्ट अर्धा सोडला आहे. अर्धा सोडलेला नाही. माझी सूचना अशी, की आपण दोन कागद पाठवावेत.

पहिला कागद पाळणाघराच्या अर्जाचा. त्यात कोणतीही अट नको, आणि कृपा, उपकार, गरीब भगिनी हे शब्दही नकोत. मुले किती, जागा कोणती, सांभाळायला कोण, महिन्याचा खर्च किती, दोन वर्षांनंतर तो कसा भागणार, आणि हिशेब कोण देणार, एवढे लिहावे. आपले मंडळ नोंदलेले आहे, पण असा पैसा थेट घेणाऱ्या संस्थेकडे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव, आयकर खात्याची नोंदणी, देणगीदाराला सवलत मिळवून देणारा दाखला आणि सरकारकडे सी.एस.आर.ची वेगळी नोंदणी लागते. ती कागदपत्रे आपल्याकडे अजून पुरी नाहीत. म्हणून कंपनीने स्वतः काम करावे किंवा पात्र संस्थेमार्फत करावे, आणि चालवण्याची समिती मात्र आपल्या बायकांची असावी, असे मागावे. दुसऱ्याला हिशेब विचारणाऱ्या आपण. तेव्हा आपली वहीही पै-पैची हवी. चहासाखरेची रक्कम पाळणाघरात आणि पाळणाघराची सहलीत, असे चालायचे नाही.

दुसरा कागद वेगळा. तो मागणीचा नाही, प्रश्नाचा आहे. तुमचे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यांत यंत्रांना आडोसा आहे का? बटणे मोकळी आहेत का? कामाच्या पहिल्या दिवशी ई.एस.आय.चे कार्ड निघते का? हे पाहायला तुमचा माणूस वर्षातून किती वेळा जातो? तुमच्या मालाचा दर्जा पाहायला तुमचा इन्स्पेक्टर तिथे नेहमी जातोच. सुट्या भागावरचा केसाएवढा ओरखडा त्याला दिसतो. तर बांधलेले बटणही दिसेल. हा कागद दान मागणाऱ्यांचा नव्हे, कारखान्यात माणूस पाठवणाऱ्या बायकांचा आहे. पैसे मिळोत वा न मिळोत, तो जायलाच हवा. पाळणाघर हवे ते आईने निर्धास्त कामावर जावे म्हणून. ती कामावरून दोन्ही हातांनी परत आली पाहिजे, नाही तर तिने मूल उचलायचे कशाने?

ही सूचना मी परवा माझ्या त्या मैत्रिणीला ऐकवली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दोन कागद असतील तर दोन्हींवर मी सही करते. पण दुसऱ्यावर माझ्या मालकाला कळेल असं कारखान्याचं नाव नको." तिची भीती रास्त आहे. म्हणून दुसऱ्या कागदावर कुठल्याही वर्कशॉपचे नाव घातलेले नाही. सह्या मंडळाच्या आहेत. एकटीचे नाव दिसते, चाळीस जणींत कोणाचे म्हणून दिसणार?

मी जास्त वेळ घेतला. ह्यांनी सांगितल्याप्रमाणे रडले नाही, हे कोणीतरी घरी जाऊन सांगा. हे आता एका गोदामात नोंदी ठेवायचे काम करतात. उजव्या हाताने अक्षर चांगले येते. दोन्ही कागद ह्यांनीच स्वच्छ लिहून दिले आहेत, आणि दाराजवळच्या टेबलावर हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी ठेवले आहेत. वाचून, पटले तरच सही करा. माझ्याकडे बघून करू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठा करावा, आणि आधी दुसरीकडून वाचून घ्यावा.

बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल तर माफ करा. चहा तयार आहे. आज तो मी केलेला नाही, त्यामुळे कसा झाला असेल ते सांगता येत नाही.